चर्च उघडलं, तरी लिंक बंद करू नका

दर वर्षी नोव्हेंबर आला की आमच्या चर्चच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतोच, यंदाही निघाला. आता सगळं सुरळीत आहे, लोक येतायत, मग ती ऑनलाईन उपासना चालू ठेवायची कशाला? नेटचा खर्च, दोन पोरं दर रविवारी कॅमेऱ्यामागे अडकून पडतात, आणि वर काही जण घरी चहा पीत पीत उपासना बघतात. असं म्हणणारे कोणी परके नाहीत, मंडळीवर, म्हणजे चर्चच्या सगळ्या परिवारावर, जीव असलेली माणसं आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं सुद्धा. पण २०२० च्या ऑगस्टपासून नाताळपर्यंत मी त्या लिंकच्या मागे बसले होते, कोण आत आलं, कोण कुठून आलं, कोणाला रडू फुटलं ते मी बघितलंय. मीटिंगमध्ये बोलायला दोन मिनिटं मिळतात, त्यात हे सगळं मावत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

आम्ही नगरचे, आता अहिल्यानगर म्हणायचं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला इथं आलं, तेव्हापासूनची परंपरा आहे ही. ना. वा. टिळकांची आणि कृष्णराव सांगळ्यांची भजनं इथल्या लोकांना लहानपणापासून पाठ, आणि रविवारी साडेनऊची घंटा झाली की सगळं आवरून बेंचवर जाऊन बसायचं हे अंगात मुरलेलं. त्यामुळे २२ मार्च २०२० ला, जनता कर्फ्यूचा दिवस रविवारच होता, घंटा झाली नाही तेव्हा काय करावं हे कुणालाच सुचेना. ईस्टरला, १२ एप्रिलला, पाळक साहेबांनी संदेश रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकला आणि आम्ही फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवून तो ऐकला, म्हणजे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल.

मग हळूहळू झूम आलं. आधी फुकटचं खातं, ४० मिनिटांनी बंद होणारं, म्हणून उपासनेचे दोन भाग केले होते, संदेशापर्यंत एक लिंक आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेपासून दुसरी, मधल्या वेळात बायका कुकर लावून यायच्या. ऑगस्टमध्ये कमिटीने पैसे भरून खातं घेतलं आणि लिंक सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत शिकवते आणि ऑनलाईन वर्ग घेऊन घेऊन त्यातलं बऱ्यापैकी कळायला लागलं होतं.

सप्टेंबर फार वाईट गेला. महाराष्ट्रात तेव्हा पहिल्या लाटेचा जोर होता आणि आमच्या मंडळीतलीही माणसं गेली. अंत्यविधीला २० माणसांची परवानगी, तीही लांब लांब उभी. एक ताई स्वतःच पॉझिटिव्ह होती, कोविड सेंटरमध्ये, आणि तिचा नवरा दुसरीकडे ॲडमिट होता तो तिकडेच गेला. तिला माती द्यायला सुद्धा जाता आलं नाही. त्या रविवारी ती कॉटवर बसून जॉईन झाली, तोंडाला मास्क, मागे सलाईनचा स्टँड. पाळक साहेबांनी तयार केलेला संदेश बाजूला ठेवला. महिला मंडळातल्या बायका एकेक करून माईक चालू करत गेल्या आणि तिच्यासाठी प्रार्थना करत गेल्या, कुणी चांगली लांबलचक केली, कुणाला "प्रभू, हिला सांभाळ" याच्या पुढे बोलताच आलं नाही. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. चर्चमध्ये असतो तर ती पहिल्या बेंचवर बसली असती आणि आम्ही सगळे तिच्या पाठीमागे. इथं सगळ्यांची तोंडं तिच्यासमोर होती. नंतर बऱ्याच दिवसांनी भेटली तेव्हा तिने हेच सांगितलं, की मी एकेकाचा चेहरा बघत होते.

तेव्हा हे सगळं फक्त आपल्यावरच आलंय असं वाटायचं पण तसं नव्हतं ना. आषाढीला माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, बांद्र्याची मोतमाउलीची जत्रा भरली नाही, आमच्या जिल्ह्यात हरेगावची मतमाऊलीची यात्रा एवढी मोठी, तिथंही गर्दी नाही. शेजारच्या घरात फोनवर आरती, आमच्या घरात फोनवर भजन. सगळे एकाच नेटवर्कच्या रेंजसाठी गच्चीवर चढत होते.

आता भजनाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त जीव त्यातच गेला. मराठी चर्चमध्ये पेटी, तबला, झांज आणि सगळ्यांचा आवाज एकत्र झाला की मगच उपासना सुरू झाल्यासारखी वाटते, आणि नेमकं तेच झूमवर जमत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे सगळ्यांनी माईक चालू ठेवून गायलं की नुसता गोंधळ. म्हणून नियम केला, गाताना सगळ्यांनी म्यूट. म्हणजे तुम्ही घरी गाताय आणि तुम्हाला फक्त पेटीवाल्या सरांचा आणि स्वतःचा आवाज येतोय. त्यातही पहिल्या पहिल्यांदा पेटी मधूनच गायब व्हायची आणि तबला तर जवळजवळ ऐकूच यायचा नाही. ते ॲप माणसाचा बोलण्याचा आवाज तेवढा ठेवतं आणि बाकीचा गोंगाट समजून दाबून टाकतं, त्यात आमची पेटी आणि तबला पण दाबला जात होता. तरुण संघातल्या एका मुलाने शोधून काढलं की सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड म्हणून एक पर्याय असतो, तो चालू केला की येतो तसा आवाज पुढे जातो. ज्या रविवारी तो चालू केला त्या दिवशी तबल्याची पहिली थाप नीट ऐकू आली आणि स्क्रीनवर माणसं चक्क हसताना दिसली.

पुढे आगमन काळासाठी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांसाठी, आम्ही वेगळीच पद्धत धरली. आधी सरांनी पेटीवर पूर्ण भजन वाजवून पाठवायचं, त्यावर काकांनी तबला रेकॉर्ड करायचा, मग तो ट्रॅक सगळ्या गायकांना पाठवायचा. गाणाऱ्याने एका फोनवर इअरफोन लावून ट्रॅक ऐकायचा आणि दुसऱ्या फोनमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, पंखा बंद, खिडकी बंद, कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर. मग तो मुलगा रात्री बसून सगळे आवाज मोबाईलवरच एकावर एक बसवायचा. यातली खरी अडचण लयीची. आपली भजनं शेवटच्या कडव्याला चढतात, लय वाढत वाढत जाते, टाळ्या वाढतात, ते कुणी शिकवावं लागत नाही, सगळे एकमेकांकडे बघून चढवतात. एकट्याने खोलीत बसून गाताना प्रत्येकजण आपापल्या हिशेबाने चढवतो आणि मग जोडताना शेवटचं कडवं पार विस्कटतं. म्हणून काकांना सांगितलं, लय चढवायची नाही, केरवा ताल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीत ठेवा. काका चाळीसेक वर्षं चर्चमध्ये वाजवतायत, त्यांनी मान्य केलं, दोन भजनं तशी वाजवली सुद्धा, आणि मग फोन करून म्हणाले, "बाई, हे भजन नाही राहिलं, मला जमणार नाही, तुम्ही काहीतरी मार्ग काढा." मग असं ठरलं की शेवटचं कडवं काकांनी पाहिजे तसं चढवून आधी वाजवायचं आणि गायकांनी ते नीट ऐकून, पाठ करून त्याच्यामागे जायचं. वेळ दुप्पट लागला. पण पहिल्या आगमन रविवारी जेव्हा ते लागलं तेव्हा शेवटच्या कडव्याला घराघरांत लोक टाळ्या देताना दिसत होते, म्यूटवर.

एका गोष्टीला मात्र पाळक साहेबांनी म्यूट करू दिलं नाही, ती म्हणजे प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली, सगळ्यांनी मिळून म्हणायची. मी त्यांना म्हटलं होतं, साहेब, फार गोंधळ होतो, एकाने म्हणावी बाकीच्यांनी मनात म्हणावी. ते म्हणाले, होऊ द्या. मग दर रविवारी ती प्रार्थना अशी मागेपुढे, कुणाची "आजची भाकर" चाललीय तर कुणाची "क्षमा" झाली सुद्धा, लहान पोरांचे आवाज मध्ये, कुठेतरी कोंबडा आरवतोय, आणि आमेन एकदा होऊन संपायचं नाही, येतच राहायचं. मस्कतला कामाला असलेला आमचा एक मुलगा कंपनीच्या बसमधून जॉईन व्हायचा, तिकडे रविवार कामाचा दिवस आणि आपले साडेनऊ म्हणजे त्याचे आठ, त्याचं आमेन बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी यायचं. मला ती प्रार्थना आता चर्चमध्ये एका सुरात ऐकली की छानच वाटतं, पण त्या वेळचे ते वेगवेगळे आवाज ओळखता येत होते हे पण खरंय.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीबद्दल, मात्र साहेबांचं मत पक्कं होतं. ऑक्टोबरचा पहिला रविवार, त्या वर्षी ४ तारीख, जगभरच्या बऱ्याच मंडळ्या प्रभुभोजनाचा रविवार म्हणून पाळतात, आणि काही चर्चमध्ये लोकांनी घरीच ब्रेड आणि सरबत घेऊन स्क्रीनसमोर प्रभुभोजन केलं. आमच्याकडेही मागणी आली. साहेबांनी नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, एका भाकरीतून मोडून घ्यायचं असतं, ज्या दिवशी एका टेबलाजवळ येता येईल त्या दिवशी घेऊ, तोवर थांबू. काही लोक नाराज झाले. मला विचाराल तर मला ते पटलं, अजूनही पटतं. ऑनलाईनने काय होतं आणि काय होत नाही याची रेघ कुठेतरी मारायलाच पाहिजे आणि ती त्यांनी योग्य ठिकाणी मारली. लिंक चालू ठेवा म्हणून भांडणारी मी, पण लिंकवर सगळं होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

हंगामाचा सण आमच्याकडे बाजरी निघाली की करतात. नेहमीच्या वर्षी वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी, कोंबडा, कुणी शिवलेली गोधडी, सगळं रचलेलं असतं आणि उपासना झाली की आवारात लिलाव. एकेका भोपळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी पट वर जाते, घेणारा तो परत चर्चला देतो आणि परत त्याचा लिलाव होतो. २०२० ला लिलाव व्हॉट्सॲपवर करायचं ठरलं, फोटो टाकायचा, खाली बोली लावायची, रात्री नऊला बंद. पण ऑक्टोबरच्या मध्यावर परतीच्या पावसाने जे झोडपलं ते सगळ्यांना आठवत असेल. सोयाबीन शेतात भिजून शेंगांना कोंब आले, काढून ठेवलेली बाजरी काळी पडली. सणाच्या रविवारी साहेबांनी वस्तीवरच्या एका दादांना बोलायला सांगितलं. दादा शेतातूनच जॉईन झाले होते, नेट तिथेच येतं म्हणे. त्यांनी एक कणीस हातात घेतलं आणि कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आणलं की आधी नुसतं काळंच दिसलं, मग हात थोडा मागे घेतल्यावर दाणे दिसायला लागले, वरचे सगळे काळे आणि खालच्या बाजूला थोडे हिरवट राहिलेले. दादा म्हणाले, "यातलं जे चांगलं आहे ते निवडून एक पायली काढलीय, ती देवाची." बास, एवढंच बोलले. त्या वर्षी लिलावाचे पैसे चर्चच्या खात्यात न जाता पावसाने मारलेल्या घरांना गेले, आणि ती पायलीभर बाजरी बोलीला लागली तेव्हा पुणे, पिंपरी, मस्कत, सगळीकडून बोली आली. चर्चच्या आवारात असते तर हे लोक त्या लिलावात कुठून आले असते?

यातला एक व्यवहाराचा भाग पण सांगायला पाहिजे. क्यूआर कोड आला आणि अर्पण ऑनलाईन झालं, पण म्हाताऱ्या बायकांकडे कुठलं यूपीआय? एक आजी दर रविवारी उपासनेच्या वेळी दहाची नोट फोनसमोर धरायच्या, आम्हाला दिसावी म्हणून, आणि मग ती बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या. तो डबा दिवाळीनंतर नातवाने चर्चमध्ये आणून दिला.

दिवाळीत बातमी आली, पाडव्यापासून, म्हणजे १६ नोव्हेंबरपासून, राज्यातली सगळी धार्मिक स्थळं उघडणार. आनंद किती झाला ते सांगता येणार नाही. शनिवारी तरुण संघाने बेंच धुतले, एक सोडून एक बेंचवर फुल्या मारल्या, दारात सॅनिटायझर आणि टेंपरेचर बघायची गन. २२ तारखेला आठ महिन्यांनी घंटा झाली. पण नियम असा की ६५ च्या वरच्यांनी आणि दहाच्या खालच्या मुलांनी घरीच थांबावं. आता सांगा, आमच्या चर्चमधून म्हातारी माणसं आणि पोरं काढली तर मागे राहतं कोण? म्हणून लिंक चालू राहिली, एका ट्रायपॉडवर फोन आणि पेटीजवळ एक माईक.

आणि इथे मला गुरुजींबद्दल लिहायचंय. आमच्या मंडळीतले एक निवृत्त गुरुजी, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बरीच वर्षं अंथरुणावर. पूर्वी चर्चमध्ये शास्त्रपाठ तेच वाचायचे, आवाज खणखणीत. आजारपणानंतर साहेब महिन्यातून एकदा घरी जाऊन प्रार्थना करून यायचे, आम्ही नाताळला केक घेऊन जायचो, झालं. मंडळीत ते आहेत हे सगळ्यांना माहीत, पण रविवारी त्यांची आठवण किती जणांना यायची कोण जाणे. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या सुनेने उशाशी स्टुलावर फोन ठेवला आणि गुरुजी दर रविवारी, उपासना सुरू व्हायच्या आधीच, स्क्रीनवर हजर. सगळ्यांच्या आधी तेच. पोरं त्यांना "गुरुजी, जय ख्रिस्त" म्हणायला लागली, ज्या पोरांनी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

आगमनाचा दुसरा रविवार ६ डिसेंबरला होता. आमच्याकडे त्या दिवशी बायबल रविवारही असतो, आणि महापरिनिर्वाण दिनही त्याच तारखेला, त्या वर्षी चैत्यभूमीला गर्दी करू नका म्हणून सांगितलं होतं आणि लोक तिथलं अभिवादनही घरूनच बघत होते, आमच्या मंडळीतल्या कित्येक घरांत सकाळी ते आणि मग उपासना. त्या रविवारचा शास्त्रपाठ यशयाचा ४० वा अध्याय होता, लोकांचं सांत्वन करा म्हणून सांगणारा. साहेबांनी तो गुरुजींना वाचायला दिला. झटक्यामुळे त्यांची जीभ जड झालीय, एकेक शब्द वेगळा काढावा लागतो. सुनेने पुस्तक धरलं होतं, तिचा अंगठा पानावर दिसत होता, ओळ संपली की तो खाली सरकायचा. इतरांना दोन-तीन मिनिटांत होणारा पाठ, गुरुजींना खूप वेळ लागला. मी होस्ट म्हणून सगळ्यांची नावं बघत होते, एकही माणूस बाहेर गेला नाही. चर्चमध्ये बसलेल्यांना ते स्पीकरवर ऐकू येत होतं, तेही हलले नाहीत. संपल्यावर गुरुजींनी पूर्वीसारखंच म्हटलं, "देवाच्या वचनावर त्याचा आशीर्वाद असो." त्यांच्या बाजूला बायको उभी होती, तिने पदर डोळ्याला लावला.

पुढे जानेवारीत पहिल्यांदा लिंक बंद करायचा विषय निघाला तेव्हा साहेब गुरुजींना भेटायला गेले होते. गुरुजी त्यांना म्हणाले, "मला परत बाहेर बसवू नका." ते वाक्य साहेबांनी कमिटीत जसंच्या तसं सांगितलं आणि त्या वर्षापुरता विषय संपला.

पहिला आगमन रविवार राहिला सांगायचा, २९ नोव्हेंबर. तो तर दुहेरी दिवस होता. आपलं सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये स्थापन झालं, आणि तोही आगमनाचा पहिलाच रविवार होता, म्हणजे बरोबर ५० वर्षांनी तीच तारीख, तोच वार, तोच सण. एरवी केवढा समारंभ झाला असता. आम्ही काय केलं, तर त्या दिवशी नागपुरात हजर असलेल्या आमच्या एका आजींना बोलायला लावलं. तेव्हा नवीन लग्न झालेलं, सासरे प्रतिनिधी म्हणून निघाले तर ह्या पण गेल्या. मनमाडला गाडी बदलली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, थंडी कडाक्याची. आणि सगळ्यांच्या मनात धाकधूक, म्हणाल्या, की आता एवढ्या वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होणार, मग आपलं काय राहणार? सहा मंडळ्या होत्या, आपली युनायटेड चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स. आपल्याकडे बाळांचा बाप्तिस्मा पाणी शिंपडून, बॅप्टिस्ट लोक मोठ्या माणसांना पाण्यात बुडवून देणार, त्यांना आपलं चालत नाही आपल्याला त्यांचं नवीन. आणि मग ठरलं काय, तर दोन्ही राहू द्या. ज्याला जसा विश्वास तसा बाप्तिस्मा, आणि मंडळी एक. आजी म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं भांडणं होतील, पण पन्नास वर्षं दोन्ही चाललंय की."

मला मीटिंगमध्ये नेमकं हेच म्हणायचं असतं. बाप्तिस्म्यासारख्या गोष्टीत ज्या मंडळीने दोन्ही राहू द्या म्हटलं, त्या मंडळीला बेंच आणि फोन दोन्ही सांभाळता येऊ नयेत का?

बाकीचा डिसेंबर थोडक्यात. घरोघरी आगमनाच्या मेणबत्त्या लावायच्या होत्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, पण बाजारात जांभळ्या मिळेनात, मग पांढऱ्या मेणबत्त्यांना क्रेप पेपर गुंडाळले, कुणी दिवाळीच्या उरलेल्या पणत्याच ताटात मांडल्या आणि त्या सगळ्यात सुंदर दिसल्या असं माझं मत. संडे स्कूलच्या टीचरनी मुलांना गोष्ट सांगितली होती, की हॅम्बुर्गला योहान विकर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, म्हणून त्यांनी १८३९ मध्ये गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. झालं, १३ तारखेला वस्तीवरच्या त्या दादांच्या मुलांनी गोठ्यामागे पडलेलं बैलगाडीचं लाकडी चाक धुऊन अंगणात आडवं ठेवलं, धावेवर मेणबत्त्या चिकटवल्या आणि वाऱ्याने विझू नयेत म्हणून चारी बाजूंनी भावंडं बसली. शहरातल्या पोरांनी त्या दिवशी दुसरं काही बघितलंच नाही, सगळी मागे लागली की आम्हाला चाकाजवळ जायचंय.

कॅरल राऊंड नाही निघाला. नगरमध्ये रात्री ढोलकी घेऊन घराघरांत कॅरल म्हणत फिरतात, पहाटेपर्यंत करंज्या खातात, ते सगळं बंद. त्यात २२ डिसेंबरपासून महापालिका हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी लागली, म्हणून २४ ची मध्यरात्रीची उपासना संध्याकाळी उरकावी लागली, चर्चमध्ये जास्तीत जास्त ५० जण, नावनोंदणी करून. बाकी सगळे लिंकवर. पुण्यात कोविड वॉर्डात ड्युटी करणारी आमची एक नर्स मुलगी त्या संध्याकाळी ब्रेकमध्ये चेंजिंग रूममधून जॉईन झाली, चेहऱ्यावर मास्कचे वळ, पाचेक मिनिटं ऐकलं, हात हलवला आणि गेली. तिच्या आईला चर्चमध्ये जागा मिळाली होती, पण ती मुद्दाम घरी थांबली होती, मुलगी स्क्रीनवर दिसेल म्हणून.

तर हे असं आहे. आज पाच वर्षांनी कोविडचे नियम गेले, पण गुरुजी अंथरुणावरच आहेत, मस्कतचा मुलगा मस्कतलाच आहे, वस्तीवरून चर्चला यायला रविवारी सकाळची एसटी नाही, आणि आता नव्याने आणखी काही जणांचे गुडघे गेलेत. धडधाकट माणूस आळसाने घरी बसतो हे खरं आहे आणि त्याला घरून उठवायला पाहिजे हेही खरं, पण त्यासाठी त्याच्या दारात जावं, दोन शब्द बोलावेत, गाडीवर बसवून आणावं. त्याच्यासाठी गुरुजींची लिंक तोडू नये. आणि खर्चाचं म्हणाल तर वर्षाचा नेटचा खर्च हंगामाच्या सणातल्या दोन भोपळ्यांच्या बोलीत निघतो, मी हिशेब कमिटीला दिलाय.

यंदा पहिला आगमन रविवार ३० नोव्हेंबरला आहे, उपासना साडेनऊला, लिंक नेहमीच्या ग्रुपवर शनिवारी रात्री टाकीन. ७ डिसेंबरचा शास्त्रपाठ गुरुजींकडे दिलाय, त्या दिवशी उपासना थोडी लांबेल, त्या हिशेबाने जेवणाचं बघा. कॅरलसाठी ट्रॅक पाठवलाय, रेकॉर्डिंग गुरुवारपर्यंत द्या, शेवटचं कडवं काकांनी चढवलंय ते आधी दोनदा ऐका मगच गा. कॅमेऱ्याला आणखी दोन मुलं किंवा मुली पाहिजेत, म्हणजे आळीपाळीने करता येईल आणि कुणाचीच उपासना बुडणार नाही. आणि कुणाच्या घरी जुना पण चालू असलेला स्मार्टफोन पडून असेल तर मला सांगा, वस्तीवरच्या दोन घरांना हवाय, बॅटरी गेली असली तरी चालेल, ती आम्ही बदलून घेऊ.